पहिल्या वक्त्याचे गुण

खोडरबराचा एक कोपरा झिजून गोल झालेला... तो अंगठ्याखाली फिरवत ग्रंथपालबाई समोरच्या चार सातांकडे बघत राहिल्या. मांडणी सात, उदाहरण सात, आवाज सात, वेळ सात. वक्तृत्व स्पर्धेत पहिली बोललेल्या मुलीचे गुण. अकराही मुलं बोलून झाली होती, सभागृहात खुर्च्या सरकत होत्या, आणि पेन्सिलीचे गुण शाईत उतरवायला दहा मिनिटं उरली होती. हे सात मी लिहिले? सकाळच्या ताज्या डोक्यानं?

दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर बाक का नाही, एवढंच ती मुलगी बोलली होती. सातव्या मुलाला बाईंनी उदाहरणाचे नऊ दिले होते, आणि त्याचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकातलं... तो नंतर आला, एवढीच त्याची पुण्याई.

शेजारी मुख्य परीक्षक म्हणून सर बसले होते, बाईंचेच शाळेतले सर. सकाळी पहिलं नाव पुकारलं तेव्हा हळूच म्हणाले होते, "जरा हात राखून दे हं. पहिल्यालाच भरभरून दिलंस, तर पुढच्यांना काय देणार?" तीस वर्षांपूर्वीही त्यांनी हेच समजावलं होतं, असंच मायेनं, डोक्यावर हात ठेवून — तेव्हा पहिली बोललेली तेरा वर्षांची मुलगी त्याच होत्या, आणि फळ्यावर लावलेल्या कागदावर त्यांच्या नावापुढे असेच चार सात होते. त्यानंतर त्या व्यासपीठावर चढल्या नाहीत. जिथं कुणीच मोठ्यानं बोलत नाही अशी नोकरी धरली. आणि आज त्याच हातानं, मुकाट्यानं, मी हात राखला. बाईंना स्वतःचा सणसणीत राग आला.

त्यांनी उदाहरणाचा सात खोडला.

"आता कशाला खाडाखोड?" सर म्हणाले.

"सर, नऊ कशासाठी द्यायचे ते निकषांच्या कागदावर लिहिलंय. वाचता का जरा?"

सरांनी चष्मा लावला. "उदाहरण स्वतःच्या पाहण्यातलं, आणि मुद्दा त्यातूनच निघालेला."

"आणि तिचं उदाहरण?"

सरांनी तो कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तिचे आजोबा. बस येईपर्यंत बंद दुकानाच्या पायरीवर बसतात... उठवत नाही त्यांना." आपल्या गुणांच्या कागदाकडे पाहून त्यांनी हात पुढे केला. "आण तो रबर इकडे."

बाईंनी खोडलेल्या जागी नऊ लिहिले. आता सगळीकडे नऊ द्यावेत, तीस वर्षांची सगळी भरपाई एकदम — पेन्सिल आवाजाच्या रकान्यावर आली आणि थांबली. मुलगी प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द गिळत होती. सातसुद्धा जास्तच. त्यांनी सहा लिहिले, आणि खाली तिच्यासाठी एक ओळ: 'शेवटचा शब्द मागच्या रांगेलाही हवा होता.'

बेरजा व्हायच्या होत्या, निकाल लागायचा होता. आणि बाईंना मात्र कितीतरी वर्षांनी आपलं ते जुनं भाषण ऐकू येऊ लागलं, अगदी पहिल्या वाक्यापासून... मांडणी आठ, उदाहरण नऊ, बिनशर्त नऊ... आणि आवाज? किती किनरा, किती घाईचा! पाच. फार तर पाच. त्यांना हसू फुटलं. आपला पाच इतका आवडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.