आडवी खाच

हार्लन फोइटला नकली माल टेबलापलीकडून कळायचा. विस्कॉन्सिनातल्या कुठल्याही बंदूक-मेळ्यात तो येऊन उभा राहिला, की खोटी पदकं विकणारे हळूच कापड ओढून घेत. एवढं डोकं त्यानं शेतीत घातलं असतं तर कुठल्या कुठे गेला असता, पण वेड ते वेड. लढाईतली बंदूक कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे, तिच्या प्रत्येक भागावरचा नंबर जुळलाच पाहिजे. बाकी जगात काय जुळतं नि काय नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

म्हणून तर बापाच्या बंदुकीनं त्याचा जीव खाल्ला होता. आर्विन फोइट जर्मनीहून लढाई संपवून आला, तो सामानात एक माउझर घेऊन. आणि मग या गृहस्थानं काय करावं? करवत घेतली, दस्त्याचं पुढचं लाकूड छाटून टाकलं, बंदूक हलकी केली आणि जन्मभर तिनं हरणं मारली. हरणामागे एक खाच, चाकूनं, दस्त्यावर. बाप गेल्यावर हार्लननं वर्षानुवर्षं धुंडाळून त्याच कारखान्याचा, त्याच सालचा अख्खा दस्ता मिळवला, बसवला, आणि जुनं लाकूड शेडमधल्या शेगडीत सारलं. "बापाचं पाप धुतलंस लेका!" म्हणत ड्वेननं बिअर फोडली होती. ड्वेन म्हणजे त्याचा मेळ्यांतला जुना जोडीदार.

आणि आता आई म्हणत होती, ते लाकूड आण.

आई, लॉर्ना, वृद्धाश्रमात होती. नजर गेलेली, जीभ शाबूत.

"बंदूक नको हं, ती आत येऊ देणार नाहीत. नुसतं लाकूड सोडवून आण. आणि चालढकल करू नकोस. पुढचा शिकारीचा मोसम काही मी बघत नाही."

"कशाला पण आई?"

"हात लावायचाय. तुला काय करायचंय?"

जाळलं म्हणून तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आणतो."

ड्वेनच्या गोठ्यात असल्या छाटलेल्या दस्त्यांचा ढीग पडला होता. कुत्रं विचारत नव्हतं त्यांना.

"घे हवा तो," ड्वेन म्हणाला. "पण खरं सांगून टाक की तिला. आई आहे, खाणार आहे का तुला?"

"तिला दिसत नाही, ड्वेन."

"मग सोपंच झालं," ड्वेन म्हणाला, पण त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

हार्लननं बापाच्या दस्त्यासारखाच एक अक्रोडाचा दस्ता निवडला. आठवेल तशी खाचांची रांग पाडली. कडा कापडानं घासून बोथट केल्या, आत काजळी आणि कॉफी चोळली. हेच धंदे करणाऱ्यांना त्यानं भर मेळ्यात चोर म्हटलं होतं. आता लाज वाटेल, मग वाटेल, म्हणून तो वाट बघत राहिला. काहीच वाटलं नाही. काम मात्र सुबक झालं.

आईनं लाकूड मांडीवर घेतलं. बोट खाचांवरून सावकाश फिरलं, टोकाला गेलं, परत आलं. पुन्हा गेलं.

"एल्सी कुठंय?"

"कोण एल्सी?"

"तुझ्या आधीची." ती साधंच बोलत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. "मोसमाच्या पहिल्या दिवशी झाली, संध्याकाळी गेली. मला दाखवलीसुद्धा नाही. कुठे पुरली ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हालाही मेलं विचारायचं सुचलं नाही. त्या वर्षी तुझा बाप रानात गेलाच नाही. मी घरी आले तर ही बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. सगळ्या खाचा उभ्या ना? तिची आडवी पाडली. मग पुन्हा नाव काढलं नाही त्यानं. तू शाळेत गेलास की मी कपाट उघडून तिथे बोट ठेवायची."

ती आडवी खाच हार्लनला आठवली. बापाचा चाकू घसरला असेल असं त्याला तेव्हा वाटलं होतं. बंदुकीवरचा प्रत्येक नंबर त्यानं भिंगाखाली वाचला होता.

"आई, जाळलं मी ते. खूप वर्षं झाली. हे दुसरंच आहे."

बाहेर कुणाची तरी चाकाची खुर्ची कुरकुरत गेली. आईचं बोट होतं तिथेच राहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "म्हटलं, आर्विनचा हात इतका नीट कधी झाला?"

"मला माहीत नव्हतं गं."

"कसं असणार? सांगितलं कुणी?"

त्यानं लाकूड परत घ्यायला हात पुढे केला. तिनं सोडलं नाही.

"चाकू आहे ना खिशात?"

"आहे."

"मग पाड. इथे, माझं बोट आहे ना, त्याच्या खाली. आडवी."

हार्लन गुडघ्यावर बसला. हात थरथरला असता तर त्याला बरं वाटलं असतं. नाही थरथरला. त्यानं खाच पाडली, भुसा फुंकला, चाकू मिटला.

आईनं बोट घालून पाहिलं.

"अजून खोल," ती म्हणाली.

त्यानं चाकू पुन्हा उघडला.