काच बसायच्या आधी

सयाजीनं हिरवा खडू भावाच्या गालावर घासला आणि तो दचकून थांबला.

"घाबरू नकोस," गणपतराव मास्तर म्हणाले. "कातडीखाली हिरवा असतोच. वर विटकरी आला की दबेल."

भाऊ कागदावरच होता. आकाराम विषमज्वरानं जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याचा एकही फोटो नव्हता. नेसरीसारख्या खेड्यात उठसूट फोटो कोण काढतंय? पण बावन्नच्या दिवाळीत आई, बनाबाई, चुलीपुढं बसून म्हणाली, "सयाजी, पोराचं त्वांड आठवंना झालंय रं." तेव्हापासून सयाजी कोल्हापुरातल्या छापखान्यातून सुटला की थेट मास्तरांकडं पेस्टल शिकायला येई.

पहिलं चित्र बघून आईनं नाक मुरडलं होतं. "ह्यो कुठला मामलेदार?"

दुसऱ्याला म्हणाली, "नाक त्येचंच हाय. पर माझं प्वार आसं पिठात लोळल्यागत न्हवतं."

गेलेल्या माणसाला जरा उजळ काढायची सगळ्यांचीच रीत. सयाजीही तिलाच भुलला होता. मास्तरांनी विचारलं, "त्याचा रंग कुणावर गेला होता?"

"आईवर."

"मग आईचा हात समोर ठेवून काढ."

म्हणून तीन रविवार बनाबाई एसटीनं आली आणि टेबलावर हात पसरून गुमान बसली. हिरव्यावर विटकरी, त्यावर तांबूस, कानामागं किंचित जांभळा. तिसऱ्या रविवारी सयाजीनं खडू खाली ठेवला.

"काच उद्या बसेल," मास्तर हळूच म्हणाले. "तोवर फुंकरही घालू नकोस. सगळी भुकटी आहे."

सयाजीनं मान डोलावली. आईला मात्र हे सांगायचं त्याला सुचलं नाही. त्यानं चित्र तिच्याकडं वळवलं.

ती उठून जवळ आली.

"आलास व्हय रं, लेका?"

सयाजी "आये!" म्हणून ओरडेपर्यंत तिनं दोन्ही तळवे आकारामच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पोरगं परगावाहून आलं की ती नेहमी अशीच दृष्ट काढायची.

कागदावर नुसते नाक-डोळे उरले. तिच्या कानशिलांना लागलेला रंग मात्र दिसेना. तो तिच्या कातडीशी तंतोतंत जुळला होता. फिक्या तळव्यांवर तेवढा तो उठून दिसत होता. सयाजीला हुंदका आवरेना.

"परत काढतो, आये. आगदी आसाच काढतो."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "हात धुऊन घ्या, बाई."

बनाबाईनं कागदाकडं बघितलं, मग तळव्यांकडं, आणि मुठी मिटून घेतल्या.

"एकदा आंघूळ घालून धाडलाय त्येला, मास्तर. आता पुन्यांदा कसा धुवू?"

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला.