न काढलेल्या पिंकीचं अपील

मी गोल शिक्का बोलतोय. घाबरू नका, मी काही साहेब नाही. पण मी नसलो तर साहेबाला चहावालाही विचारत नाही.

कराडच्या एका दुकानात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी माझा जन्म झाला. तिथून एका तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात आलो. तालुक्याचं नाव सांगत नाही, उगाच माझीच चौकशी लागायची. तिथले क्लार्क अमृत भाऊसाहेब. माणूस वाईट नाही, पण माझ्या दांड्यानं शेंगा फोडायचे. पॅड वाळला की नवी शाई मागवायची सोडून त्यात बाटलीतलं पाणी शिंपडायचे. त्यामुळे कित्येक गुरुजींच्या बदल्या फिक्या निघाल्या.

इतकी वर्षं आपटून घेतल्यावर एक कळलं. लोक कागद वाचतच नाहीत, आधी मी कुठे उमटलोय ते बघतात.

गेल्या फेब्रुवारीत बायडाबाई आल्या. द्राक्षबागेत कामाला जाणारी बाई. त्यांची पिंकी आठवीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्या हाती माईक आला आणि पोरगी पाहुण्यांसमोर बोलून गेली, "मुलींच्या मुतारीत पाणी नसतं." दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी तिला दप्तरासकट घरी धाडलं, वर आईला निरोप, दाखला घेऊन जा. बाईंनी दाखला काही नेला नाही. तीन आठवडे पोर घरी बसून होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. म्हणून बाई अपिलाचा अर्ज घेऊन आल्या.

भाऊसाहेबांनी अर्ज उलटापालटा केला. "काढल्याचा आदेश कुठं हाय?"

"कसला आदेश? तोंडानंच म्हनले, येऊ नगं."

"मग अपील कशावर करनार? आदेशाची प्रत जोडावी लागती."

आता इथली गंमत ऐका. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून शहाणी शाळा कधी लिहून काढत नाही, तोंडी काढते. आणि कागद नसला की अपीलही नाही. मला याचा फार संताप यायचा, पण मी पडलो रबराचा.

बाई तीन दिवस येऊन बाकावर बसल्या. चौथ्या दिवशी भाऊसाहेब वैतागले. "आवं बाई, शाळेनं तिला काढलेलंच न्हाई. पटावर नाव हाय तिचं. मग अपील कसलं करताय?"

बायडाबाई उठून टेबलाशी आल्या. "काढलेलं न्हाई?"

"न्हाई म्हनतोय न्हवं!"

"मग तेवढंच लिहून द्या की सायेब. अन् शिक्का मारा."

ब्याद टळतेय म्हणून भाऊसाहेबांनी खुशीत टाइप केलं: 'सदर विद्यार्थिनीस शाळेतून काढल्याचा कोणताही आदेश नाही. तिचे नाव पटावर आहे. सबब अपिलाचा प्रश्न उद्भवत नाही.' साहेबांनी न वाचताच सही ठोकली. मग मी उतरलो. अंगात होती नव्हती तेवढी शाई ओतली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक घामाघूम होऊन आले. बाईंनी सकाळीच पिंकीला वर्गात नेऊन बसवलं होतं आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला होता.

"भाऊसाहेब, हे काय लिहून दिलंत?"

"का वो सर? तुमी काढलंय का तिला? तसं असंल तर लेखी द्या, सायबांपुढं ठेवतो."

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. "छे छे! आम्ही कशाला काढू?"

"मग हजेरी?"

"मांडतो की. आलीय ना आज."

त्या दिवशी मला हात नसल्याचं खरंच वाईट वाटलं. टाळी वाजवायची होती हो!

आता माझी कड झिजलीय, 'शिक्षण'मधला 'क्ष' उमटत नाही. कॉम्प्युटरवर सगळं होतं म्हणतात, मला भंगारात काढायचं चाललंय. काढा, माझं काही म्हणणं नाही. फक्त दोन वर्षं थांबा. पिंकी आता नववीत गेलीय, आणि तिथं तो कायदा पोचत नाही.