नवशिक्यांसाठी एक जागा

एकमेकांना ओळख दाखवायची नाही, हे दोघांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं. ज्या गोदामात नोकरी मागायला जायचं होतं, ते एकाच घरातली दोन माणसं दारात उभीही करत नाही, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. आडनाव म्हणाल तर दर दुसऱ्या दारावर तेच, तेव्हा त्यावरून कुणाला शंका येणार नव्हती. बाप एका बसने आला, लेक मागच्या बसने.

कल्पना बायकोची. "दोघंही जा, एकाला तरी लागेल," म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? नवरा वर्षभर घरी बसलेला, आणि लेक पदवी हातात पडल्यापासून अर्जच करतेय. मास्तरांनी, म्हणजे बापाने, मात्र मनाशी पक्कं केलं होतं, की आपण नुसतं जायचं, हरायचं आणि परत यायचं. जागा पोरीला लागली पाहिजे. ते शाळेतले मास्तर नव्हेत हं. कपबश्यांच्या कारखान्यात त्यांनी इतक्या जणांना खोकी भरायला शिकवलं, की कारखान्याला टाळं लागलं तरी नाव चिकटून राहिलं.

गोदामातल्या लांबलचक टेबलाभोवती उमेदवार उभे होते. माल बाहेर पाठवतात त्या विभागावर देखरेख करायला एक माणूस हवा होता, एकच. 'नवशिक्यांना संधी' असं जाहिरात सांगत होती, आणि आलेल्यांपैकी निम्म्यांचे केस पांढरे! जो तो दुसऱ्याकडे असा बघत होता, जणू समोरच्याने आपल्या पुढचं ताट ओढून घेतलंय. लेक पलीकडच्या बाजूला ओठ चावत उभी होती. परीक्षेच्या दिवशी चावायची तशीच.

"खोक्यात कप भरा, खोकं बंद करा," गोदामाचा मॅनेजर म्हणाला. पोरगेलासा होता, बोलताना अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. "मी हलवून बघणार. वाजता कामा नये."

मास्तरांनी ठरल्याप्रमाणे गबाळं काम सुरू केलं. कागद कमी घातला, एका कोपऱ्यात चांगली बोटभर पोकळी सोडली. स्वतःच्याच हाताने काम बिघडवताना त्यांना कसंसंच होत होतं, पण केलं. घोळ झाला तो शेवटी. झाकण चिकटवण्याआधी खोकं कानाशी नेऊन हलवायचं, ही त्यांची जन्माची सवय. जित्याची खोड ती. हलवलं, आत कप किणकिणला, आणि हात आपोआप कागदाकडे गेला. चुरगळला, कोपऱ्यात दाबला, पुन्हा हलवलं. चिडीचूप. मग कुठे त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. कागद काढायला जावं, तर मॅनेजर शेजारीच येऊन उभा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेकीचं खोकं वाजलं. अगदी बारीक, एकदाच. तिने मास्तरांकडे पाहिलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

सगळ्यांना बाहेर बसायला सांगून मॅनेजरने मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. ते खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "साहेब, ती पलीकडची मुलगी चुणचुणीत वाटली. तिला घ्या ना. माझं काय, आज आहे उद्या नाही."

"काका, मुलगी चांगली आहे हो. पण तिला शिकवत कोण बसणार? तुम्ही नवशिक्याच्या पगारात यायला तयार आहात, मग मी नवशिका कशाला घेऊ?" मॅनेजर हसला. "तुम्हाला नको असेल तर बाहेर बसलेला तो टोपीवाला आहेच. तोही तुमच्याच वयाचा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं, तर बापलेक दोघंही रिकाम्या हाताने घरी. हो म्हणावं, तर पोरीच्या तोंडचा घास आपणच काढला. मास्तर हो म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदही झाला. वर्षभराने कुणीतरी त्यांना 'या' म्हणत होतं. त्या आनंदाची त्यांना इतकी लाज वाटली, की मान वर होईना.

"मग आजपासूनच लागा," मॅनेजरने त्यांच्या हातात गोदामाचं जाकीट दिलं. "पहिलं काम, बाहेरच्यांना नाही म्हणून सांगा. मला नाही जमत बुवा ते. लोक रडतात."

जाकीट चढवून मास्तर बाहेर आले. "निवड झालेली नाही, आल्याबद्दल आभार," एवढंच त्यांनी एकेकाला सांगितलं. टोपीवाला त्यांच्या जाकिटाकडे बघून निघून गेला. एका बाईने हात जोडून पुन्हा कधी येऊ म्हणून विचारलं. लेक सर्वांत शेवटी उठली. मॅनेजर दारातच उभा होता.

"माझं काय चुकलं, सर?" तिने विचारलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग?"

उत्तर त्यांना आत्ताच केबिनमध्ये मिळालं होतं, पण ते पोरीला कुठल्या तोंडाने सांगणार? एवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला आणि तो आत वळला. लेक जवळ सरकली, त्यांची वळलेली कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाली, "वेळेवर जेवा, बाबा. आईला मी सांगते."

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मास्तर बघत राहिले. दोन्हीपैकी कुठली बातमी ती आधी सांगणार, हे विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.