खळ्यातले कंटेनर

उखर्डू नानांना कुणी नुसतं राम राम घातलं तरी ते सावद्याच्या स्टेशनावर जाऊन पोचत. पायांनी नव्हे, तोंडानं. "अरे भो, आमच्या येळी सावद्याले दिल्लीची वॅगन लागे," इथून जे सुरू होई ते ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत चाले. बैलगाड्यांची रांग, घडांच्या थप्प्या, वॅगनच्या तळाशी अंथरलेला केळीचा हिरवा पाला आणि त्या पाल्यावर उभे राहून हुकूम सोडणारे तरुण नाना. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय म्हणे वॅगनचं दार बंद होत नसे. गावानं ते खरं मानलं होतं. वाद घालायला त्या काळातलं उरलं होतं कोण? उरली होती एक सुगंधाबाई, त्यांची बायको, पण ती अशा वेळी निमूट स्वयंपाकघरात जाई.

पुढे माल ट्रकवर गेला आणि नानांचं स्टेशन सुटलं. तीसेक वर्षं ते आतल्या आत झुरले. मग गावातल्याच भूपेंद्रनं पॅकहाऊस टाकलं. फण्या धुऊन, पुसून, खोक्यात भरून केळी धुळ्यावरून मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून बोटीनं दुबईला निघाली. अडचण एकच होती, कंटेनर उभे करायला गावात सोयीची जागा नव्हती.

"माह्यं खळं आहे ना दारापुढं!" नाना म्हणाले. "लाव तठी. अन् भाड्याचं नाव काढशील तर पाह्य मंग!"

बायकोला विचारायचं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. दोन घरांएवढा लांब पांढरा कंटेनर पहिल्यांदा खळ्यात शिरला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. "दुबईले चालला, दुबईले!" म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगितलं. त्या दिवसापासून नाना पॅकहाऊसमध्ये खुर्ची टाकून बसू लागले. पोरं विचारत, नाना, हा घड कसा? नाना म्हणत, अजून दोन दिवस झाडावर राहू द्या. काय थाट होता!

घरी सुगंधाबाई खोकत होती.

कंटेनरच्या तोंडाशी गारव्याचं मशीन असतं. गाडी बंद असली तरी ते डिझेलवर चालूच राहतं, नाहीतर माल पिकून जायचा. कधी माल कमी पडे, कधी कागद अडकत, की तीन-तीन, चार-चार कंटेनर दिवसभर धडधडत उभे राहत. दार लावलं तरी धूर फटीतून आत येई. चार पावलं चालली की सुगंधाबाईला भिंतीला हात टेकावा लागे.

जळगावच्या डॉक्टरांनी पहिल्या खेपेला विचारलं, "चुलीवर स्वयंपाक करता का?" नाना केवढ्यानं तरी हो म्हणाले! कारण सापडलं म्हणून सुटल्यासारखं झालं त्यांना. दुसऱ्याच दिवशी चूल फोडून टाकली. खोकला मात्र हलला नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "घरासमोर काय आहे?"

"कंटेनर लागतात आमच्या दारात," नाना ऐटीत म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आजोबा, एकतर ते तिथून जातील, नाहीतर ह्या. दोघं एका दारात राहायचे नाहीत."

नानांनी काय करावं? बायकोला तिथूनच जळगावला मुलाकडे, हितेंद्रच्या फ्लॅटवर सोडलं. पाहा आता! शब्द दिला होता ना भूपेंद्रला, तो कसा मोडायचा? सुगंधाबाई रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "खाटेवर बिबडे वाळत टाकले आहेत. दुपारी उलटवा बरं, विसरू नका."

ज्वारीचे ते पापड उलटवायचे म्हणून दुसऱ्या दिवशी नाना घरी राहिले. भर दिवसा आपल्या ओट्यावर ते कित्येक महिन्यांत बसले नव्हते. समोर चार मशीनं सुरू होती. दुपारी बिबड्यावर बोट फिरवलं तर बोट काळं झालं. अर्धा ओला बिबडा त्यांच्या फार आवडीचा. एक तोंडात टाकला आणि थुंकला, दाताखाली काजळी करकरली. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरून लाल झाले, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटू लागलं. ही बाई सव्वा वर्ष इथे बसली, स्वयंपाक केला, भांडी घासली, आणि आपण तिकडे घडांच्या गप्पा मारत होतो! नानांना स्वतःचीच लाज वाटली.

तसेच उठून ते पॅकहाऊसवर गेले. "भूपेंद्र, गाड्या काढ."

भूपेंद्र वाईट माणूस नव्हता. "काढतो, नाना. उद्यापासून वनाभाऊच्या दारापुढं लावतो. त्याच्याशिवाय मोकळी जागा नही गावात."

वनाच्या ओसरीत पाळणा होता. त्याची नात मयुरी सहा महिन्यांची. नानांना तो पाळणाच दिसू लागला. बायकोच्या छातीतला धूर उचलून त्या लेकराच्या छातीत ठेवायचा? आणि गाड्या गावात नकोतच म्हणावं, तर पॅकहाऊस बंद पडणार, पन्नास घरांचा रोजगार जाणार. दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारे ते कोण?

सकाळी ते आपल्या बागेत गेले. सावदा रस्त्याला, गावापासून मैलभर लांब, दोन एकर. जुन्या खोडांच्या फुटव्यांवर धरलेली पिलबाग ऐन निसवणीत होती, घड लागायच्या बेतात. झाडाझाडातून लालसर केळफुलं बाहेर पडत होती. ह्याच तुकड्यात लग्नाच्या वर्षी दोघांनी पहिली लागण केली होती. नाना खड्डे खणत, सुगंधा डोक्यावरून केळीची पिलं आणी आणि एकेक हातात देई. वॅगनसाठी पालाही इथूनच जाई. ती पाला कापी, ते गाडीत रचत, आणि रचता रचता उगाचच भांडत. काय दिवस होते! बाकीची जमीन वाटण्यांत, लग्नांत गेली. हा तुकडा त्यांनी जिवापाड जपला होता. नाना बांधाबांधानं एक फेरी मारून आले. मग त्यांनी भूपेंद्रला फोन लावला.

"रस्त्यावरची माही जागा घे. मुरूम टाक अन् लाव तठी गाड्या. गावात एक बी यायला नको."

"नाना, तठी तर बाग उभी आहे!"

"माहीत आहे मले. माह्या हातानं कापतो."

गडी लावले, पण पहिलं झाड नानांनी स्वतः पाडलं. कोयता दोनदा मारावा लागला. तिसऱ्या झाडाला त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा एका गड्यानं हातातला कोयता काढून घेतला आणि त्यांना बांधावर नेऊन बसवलं.

पंधरा दिवसांनी हितेंद्र आईला गाडीतून घेऊन आला. नाना रस्त्यावरच वाट पाहत उभे होते. सुगंधाबाईनं काच खाली केली. हिरव्या बागेच्या जागी मुरूम, त्यावर चार पांढरे कंटेनर. ती खाली उतरली.

"बाग कुठी गेली?"

"कापली."

"निसवलेली बाग कापली? येड लागलं का वो तुमाले? मले इचारलं तरी का?"

"तवा बी इचारलं नव्हतं," नाना म्हणाले, "खळं देतानी."

त्यांनी पुष्कळ जमवून ठेवलं होतं, डॉक्टर काय म्हणाले, वनाची नात, पन्नास घरं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना. जे निघालं ते पन्नास वर्षांत कधी निघालं नव्हतं.

"तुह्याबिगर घरात करमत नही मले."

"पोरासमोर काय बोलता वो!" सुगंधाबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. बागेसाठी की नवऱ्यासाठी, ते हितेंद्रला कळलं नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही.