डोळ्यातला बुडबुडा

उशा तीन, पालथं झोपल्यावर नाकाला जागा राहावी म्हणून त्यांच्यामध्ये वीतभर फट. थेंबांच्या बाटल्या तीन. रेडिओ एक. आणि बाबांच्या उजव्या डोळ्यात, शस्त्रक्रियेत सोडलेला गॅसचा बुडबुडा एक. डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. पडदा सुटला तो या एकुलत्या एक डोळ्याचा.

डॉक्टर म्हणाले होते, "गॅस वर चढतो. तुम्ही पालथे राहिलात की तो पडद्याला आतून दाबून धरील. दहा दिवस उताणं झोपायचं नाही."

सातव्या संध्याकाळी मी कंपनीतून खडकीच्या क्वार्टरवर परतले, तर बाबा उताणे.

"बाबा!"

"ओरडू नकोस, कल्याणी. चहाला उठून बसलो तेव्हा दिसलं. आडवी रेघ आणि बुडबुडा तिच्या खाली. त्याला वर पाठवतोय."

"डॉक्टरांना फोन करा म्हटलं," आई म्हणाली. "तर म्हणे, लेव्हल मला कळते."

बाबा दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं मापं घ्यायची गेज तपासत होते. "स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा कधी खाली जात नाही. खाली दिसला म्हणजे चुकलंय."

मी त्यांना आधी पालथं केलं. त्याआधी पाऊण तास ते उताणे पडून होते.

रात्री ते जेवायला बसले, तेव्हा मी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरलं. रेघेच्या वरून त्यांना थोडं दिसत होतं. रस्त्यावरचा दिवा भिंतीवर उलटा पडला, खांब वर, दिवा खाली.

"डोळ्यातही असंच पडतं," मी म्हटलं, "मेंदू ते सुलटं करून घेतो. बुडबुडा वर आहे, म्हणूनच खाली दिसतो."

बाबा भिंतीजवळ सरकले. "म्हणजे गेज बरोबर. वाचणारा उलटा."

"हे मी लग्नापासून सांगतेय," आई म्हणाली.

ते हसले, हात धुतले आणि आपणहून पालथे झाले. मला मात्र त्या पाऊण तासाने झोप येऊ दिली नाही.

सकाळी डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं. "पडदा चिकटलाय. त्याला पडलेल्या भोकाच्या कडाही बसल्यात. पण दशरथराव, पुन्हा उताणे दिसलात तर खाटेला बांधीन."

"पट्टा कारखान्यातून आणतो," बाबा म्हणाले.

सतराव्या दिवशी सकाळी बुडबुडा मुगाएवढा होता, दुपारी नव्हता. सहा आठवड्यांनी अक्षरांच्या तक्त्यासमोर नोंद झाली: उजवा डोळा, चष्म्यासह, ६/१२; म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसणारं अक्षर बाबांना सहा मीटरवरून.