भर उन्हात थंडी

बाटली नव्हती.

ताईने सायकल चालवता चालवता दुसऱ्या बाटलीच्या जागी हात घातला, तर हाताला लागली नुसती तापलेली तार. चटका आधी बोटांना बसला, मग डोक्याला.

"माझी दुसरी बाटली कुठंय रे?"

"घरी!" धाकटा भाऊ पुढून ओरडला. "मीच काढली सकाळी. चढाला उगाच वजन कशाला?"

मीच काढली! विचारलं नाही, सांगितलं नाही. काढली!

दोन्ही बाजूंना वाळू. झाड म्हणाल तर नाही. सावली म्हणाल तर स्वतःचीच, तीही चाकाखाली गोळा झालेली. निघायचं ठरलं होतं पहाटे. महाशय उठले ऊन चांगलं वर आल्यावर. वर तिच्या सैल, पांढऱ्या, लांब बाह्यांच्या सदऱ्याला हसले, "ताई, तंबू घेऊन निघालीस का?" आणि स्वतः? काळा, अंगाला चिकटलेला, बिनबाह्यांचा बनियन. मान भाजून लालबुंद. काही बोलायला जावं तर ठरलेलं उत्तर, मी इतकी वर्षं सायकल चालवतोय. चालवतोस ना, मग अक्कल कुठं—

राग नंतर. त्याची सायकल झोकांड्या खात होती.

"ताई, हवा गार झाली नाही का? मस्त! काटा आलाय बघ अंगावर."

तिने बघितलं. भाजलेल्या दंडावर खरंच काटा उभा होता. आणि वारा तर भट्टीचं दार उघडल्यासारखा येत होता. ऊन लागलं होतं याला.

"उतर."

"वर पोचलो की उतरतो."

"उतर म्हणते ना!"

"थांब गं. मागची पोरं येऊ देत."

मागे पोरं नव्हती. कुणीच नव्हतं. सकाळपासून दोघंच होती.

तिने जोर मारून त्याला गाठलं, सायकल त्याच्यापुढे आडवी घातली. त्याने पाय टेकला मात्र, ती खाली बसली आणि त्याच्या पुढच्या चाकातली हवा सोडली. फुस्स.

"हां. चालव आता!"

रस्त्याखाली मोरी होती, कोरडी, पण सावलीची. बकोट धरून तिने त्याला आत ओढलं. दोघांत मिळून अर्धी बाटली उरलेली. त्याला घोट घोट. एक घोट स्वतःला, कारण ती पडली तर दोघंही गेली. बाकीचं सगळं गळ्यातल्या फडक्यावर. फडकं त्याच्या मानेवर, काखेत, डोक्यावर. टोपीने वारा घालता घालता ती शिव्या देत होती. त्याला, त्या वजनाला, सकाळी बाटली न बघता निघालेल्या स्वतःला. तो मात्र हसत होता, कुणाशी कोण जाणे.

मग रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. सिमेंटचा ट्रक करकचून थांबला.

"काय हो, पंक्चर?" ड्रायव्हरने विचारलं.

"माणूस पंक्चर झालाय! दार उघडा!"

सायकली तिथेच पडल्या. केबिनमध्ये गार झोत, ड्रायव्हरचा पाण्याचा कॅन, ते पाणी भावाच्या डोक्यावरून ओतलेलं, सीट ओलीचिंब. ड्रायव्हरने गाडी हाणली. भाऊ बराच वेळ त्या पोरांनाच हाका मारत होता. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बसली.

"ताई," तो अखेर पुटपुटला. "आईला सांगू नकोस हं."

शुद्धीवर आला मेला! तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिने त्याला झापायला जी सुरुवात केली, ती थेट हॉस्पिटलच्या दारापर्यंत.